उकंडाजीचा खडा आणि माझा कान

संपादकांनी निरोप धाडला : नोकरीतल्या आठवणी लिहा, पण दिवाळीत फराळाची ताटं पुढे घेऊन घरातली बायामाणसं अंक वाचतात, तेवढं भान ठेवा. आता आली का पंचाईत. मी उभी हयात घालवली म्हाताऱ्या पुरुषांच्या लघवीत. दुसरं लिहायला माझ्याजवळ आहे काय? तेव्हा ज्यांच्या हातात चकली असेल त्यांनी ती आधी संपवावी, हात धुवावे आणि मग पुढे सरकावं.

कारंज्यात एका सर्जनसाहेबांचा दवाखाना होता. बारा खाटा, एक ऑपरेशनची खोली, मागे आवार, आवारात एक कडुनिंब आणि भोवती टिनाच्या पत्र्यांची भिंत. मी तिथे थेटर असिस्टंट. नाव साहेबी, काम असं : हत्यारं उकळणे, पेशंटची हजामत करणे, टेबलावर त्याचे पाय धरणे, नळ्या घालणे, नळ्या काढणे आणि साहेबांचं डोकं फिरलं की समोर उभं राहणे. ही गोष्ट सत्तरच्या पुढची. वाशिम जिल्हा तेव्हा झाला नव्हता, आम्ही अकोल्यात मोडायचो. पण मंगरूळपीरपासून रिसोडपर्यंत साठीपुढचा असा एक पुढारी, पहेलवान की भजनी नव्हता, ज्याच्या लघवीच्या पिशवीशी माझी ओळख नव्हती. बाजारात चेहरा पाहून नाव आठवायचं नाही, पण चालणं पाहिलं की सगळं आठवायचं. तेही मला पाहून रस्त्याची दुसरी बाजू धरायचे. एवढा मान मोठ्या मोठ्या साहेबांनाही मिळत नसेल.

धंदा सोपा करून सांगतो. पुरुषाच्या लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी एक गाठ असते. प्रोस्टेट म्हणतात. तरुणपणी ती गुपचूप पडून असते, केस पिकले की वाढायला लागते आणि रस्ता आवळते. पिशवी पुरती रिकामी होत नाही. तळाशी शिळं पाणी उरतं आणि माठाच्या बुडाला खार धरतो तसा तिथे खडा धरतो. म्हातारा लाजतो, कोणाला सांगत नाही. वारंवार जावं लागू नये म्हणून पाणीच कमी पितो, त्यानं खडा आणखी पोसतो. मग एक दिवस सगळंच बंद. घरचे पळसाची फुलं उकळून ओटीपोटावर बांधतात, तीन दिवस वाट पाहतात आणि चौथ्या दिवशी नगाऱ्यासारखं पोट घेऊन माणूस आमच्या दारात. रबरी नळी गेली तर ठीक, नाही तर धातूची. नळी आत पोचली की भांडंभर पाणी बाहेर आणि म्हाताऱ्याच्या डोळ्यांतही पाणी. माझ्या पाया पडलेली माणसं मोजली तर कारंज्याची लोकसंख्या दोनदा भरेल.

गाठ किती वाढली ते साहेब बोटानं पाहायचे. खडा आहे की नाही ते पाहायला एक वाकड्या टोकाची पोलादी सळई असे. ती लघवीच्या वाटेनं आत न्यायची आणि हळूहळू फिरवायची. खडा असला तर सळई त्याला लागते आणि बारीक ‘टिक्’ होतं. हाताला कळतं, कानालाही येतं. एक्स-रे फोटोचं यंत्र अकोल्याला. तिथे जायचं म्हणजे तुंबलेल्या माणसाला एसटीनं हाडं खिळखिळी करत न्यायचं. म्हणून आमच्याकडे त्या ‘टिक्’ला फार भाव.

आणि इथे माझा कान येतो.

दवाखान्याच्या आधी मी जिनिंग फॅक्टरीत होतो. कापसात गोटा आला आणि यंत्रात लोखंडावर घासला की ठिणगी पडते, आणि एका ठिणगीनं अख्खी गंजी पेटते. सरकी काढणारी पंचवीस यंत्रं, म्हणजे रेचे, एकदम धडधडत असताना कुठल्या रेच्यात गोटा शिरला ते ऐकायचं, हे माझं काम. आमचा मुकादम म्हणायचा की सुखदेवच्या कानाला मुंगीच्या पायातले चाळ ऐकू येतात. त्यात त्यानं थोडं वाढवलं असेल. मी वाढवलेलं नाही.

एकदा पट्ट्यात बोट आलं म्हणून मी त्या दवाखान्यात पट्टी बांधायला बसलो होतो. पडद्यापलीकडे साहेब कोणाला तरी सळई घालत होते. मी सहज बोललो, “लागला गोटा.” पडदा सरकला. साहेब म्हणाले, मला तर काही लागलं नाही. मी म्हटलं, पुन्हा फिरवा, तिकडे मागं. त्यांनी फिरवली, टिक् झालं आणि पुढच्या सोमवारी मी कापसातून माणसांत आलो.

पण त्या कानानं मला एकदा मान खाली घालायला लावली. तेही लिहितो, नाही तर पुढचं लिहायचा हक्क मला नाही. शिरपूरचा एक म्हातारा होता, गरीब, फारसा न बोलणारा. साहेबांनी सळई फिरवली, मी पाय धरून उभा. मला एकदा टिक् ऐकू आलं. एकदाच. साहेब म्हणाले, काही नाही. त्या दिवशी त्यांची चार ऑपरेशनं झाली होती, भिंतीवर बसलेली माशीही त्यांना सहन होत नव्हती. मी विचार केला, मी कोण? हत्यारं उकळणारा. गप्प बसलो. म्हातारा गोळ्या घेऊन घरी गेला. दसऱ्यानंतर परत आला तेव्हा तोंड सुजलेलं, पाय सुजलेले, दोन्ही मूत्रपिंडं संपलेली. साहेबांनी हात लावून पाहिलं आणि त्याच्या भावाला बाजूला नेलं. मी त्याच्या पायांकडे पाहत उभा होतो. तेच पाय मी धरले होते.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात उकंडाजी आला.

शेलूबाजारच्या अलीकडे त्याचा मळा. वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर, मेथी, पालक. जीपमध्ये वांग्याच्या पोत्यांवर त्याला आडवा टाकून त्याची बायको पार्बताबाई घेऊन आली. सत्तरीचा माणूस, पण तुरीच्या काडीसारखा चिवट. पोट तुंबलेलं, कपाळावर घाम, आणि अशा अवस्थेत त्यानं मला पहिला प्रश्न केला की तू कोणाचा. मी म्हटलं, कारंज्याचाच. आमच्या घरात छप्पन सालापासून बुद्धाचा फोटो आहे. तो ‘हं’ म्हणाला. पार्बताबाईनं घरून आणलेला तांब्या उशाशी सरकवला. मी भरलेल्या माठाकडे दोघांनीही पाहिलं नाही. मीही पाहिलं नाही, कारण मला आधी त्याचं पोट मोकळं करायचं होतं.

रबरी नळी जाईना. धातूची घेतली. ती गाठीवरून वळसा घेऊन आत गेली आणि पाणी सुटायच्या आधी मला ऐकू आलं : टिक्.

साहेबांना सांगितलं. दोन दिवसांनी त्यांनी स्वतः सळई फिरवली. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. काही नाही. बोटानं पाहिलं, गाठही काही फार मोठी लागली नाही. माझ्या आग्रहाखातर अकोल्याला फोटो काढायला धाडलं. फिल्म आली ती धुतल्या ताटासारखी स्वच्छ. साहेबांनी ती खिडकीला धरली, मला बोलावलं, आणि म्हणाले, “दाखव तुझा खडा.”

मग काय, दवाखाना माझ्यावर तुटून पडला. आमच्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या की सुखदेवच्या कानात तेल सोडायला हवं. खुद्द उकंडाजी खाटेवरून बोलला, “तुया कानात बेंडकुया बोलून राह्यल्या लेका. मले काई खडागिडा नाई.”

पाचव्या दिवशी नळी काढली. आता स्वतःहून धार येते का, हे पाहायचं होतं. उकंडाजी बाटली घेऊन आवारात जायचा आणि काठोकाठ भरून आणायचा. सिस्टर कागदावर आकडा मांडायच्या. साहेब खूश. उद्या सकाळी घरी सोडा म्हणाले. पण म्हातारा त्या बाटलीसाठी जाऊन पाऊण पाऊण तास परत येत नाही, एवढं माझ्या लक्षात आलं होतं.

त्या दुपारी मी मागे गेलो. कडुनिंबाखाली जे पाहिलं ते मरेपर्यंत विसरणार नाही. उकंडाजी पाठीवर उताणा, ढुंगणाखाली दवाखान्याची उशी, दोन्ही पाय निंबाच्या खोडावर उंच चढवलेले, डोकं खाली, पागोटं बाजूला, आणि बाटली अशा कोनात धरलेली की सर्कसवाल्यानं शिकवणीला यावं. धार येत होती. वरून खाली नाही, खालून वर.

मला पाहून तो मुळीच हलला नाही. धार अर्ध्यावर सोडणं त्याला परवडणारं नव्हतं. म्हणाला, “पाह्यलं तं पाह्यलं. आता तिकडं तोंड कर.”

मी तोंड फिरवून विचारलं, “बाबा, हे काहून?”

तो आपल्या मळ्याच्या भाषेत सांगू लागला. दांडातून पाणी येते, वाफ्याच्या तोंडाशी ढेकूळ येऊन बसते, पाणी थांबते. ढेकूळ मागं लोटलं का पाणी सुरू. उभं राहून करायला गेलो तर दोन थेंब, आणि धप्पकन बंद. पाय वर केले का ढेकूळ मागं जाते. वर्षभर तो घरी असंच करत होता, विहिरीच्या धावेवर, मोटेचे बैल चालतात त्या वाटेवर, उताराकडे डोकं करून. पार्बताबाईला सांगितलं होतं की पाठ दुखते, उन्हात शेकतो.

मी म्हटलं, “मंग ढेकूळ हाय हे तुमीच सांगून राह्यले. मी दुसरं काय म्हणतो?”

त्यानं बाटलीला बूच लावलं, पाय खाली घेतले, पागोटं चढवलं. मग आवाज एकदम बारीक. त्याचा थोरला भाऊ कुठल्याशा मोठ्या गावी पोट फाडायला गेला होता आणि कपड्यात बांधून परत आला होता. तो पाहिल्यापासून उकंडाजीनं ठरवलं होतं, उलटं लटकून मुतीन पण सुरीखाली जाणार नाही. “सांगू नको रे भाऊ. उद्या मले सोडून राह्यले. वांग्याचं पोतं आणतो तुले.”

आता सांगा, माणूस उलटा होऊन आपलं निदान स्वतः करतो आणि वांग्यांवर ते दाबायला सांगतो. वांगी शेलूबाजारची, म्हणजे काय असतात ते खाणाऱ्यालाच माहीत. मी क्षणभर विचार केला, हे नाकबूल करणार नाही. मग मला शिरपूरचे पाय दिसले.

तडक साहेबांच्या खोलीत गेलो. ते जेवत होते. मी निंबाखालचा सगळा कार्यक्रम सांगितला. त्यांनी घास थांबवला, पण म्हणाले की फिल्म स्वच्छ आहे, सळईला काही लागलं नाही, सत्तरीच्या माणसाचं पोट मी तुझ्या कानावर उघडू का?

तेव्हा मी बोललो. “साहेब, शिरपूरच्या बाबाच्या वेळी पण मला ऐकू आलं होतं. मी बोललो नव्हतो.”

साहेबांनी डबा बंद केला. मला वाटलं, चला, पुन्हा कापसात. शेवटी म्हणाले, “टेबल लाव. पायाकडून उंच कर.”

टेबलाच्या पायथ्याखाली विटा सरकवल्या. उकंडाजीला त्याच्या आवडत्या आसनात निजवलं, तो माझ्याकडे असा पाहत होता की डोळ्यांनीच माझी वांगी भाजून काढील. पार्बताबाईला साहेबांनी मुद्दाम दाराशी उभं केलं. सळई आत गेली. पहिल्यांदा काही नाही. साहेबांनी टोक उलटं फिरवून खाली दाबलं.

टिक्.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पुन्हा फिरवली. टिक्, टिक्. मग पार्बताबाईला जवळ बोलावलं, कान सळईच्या बाहेरच्या टोकाजवळ न्यायला सांगितला आणि तिसऱ्यांदा वाजवलं. बाई सरळ झाल्या. डोईवरचा पदर नीट केला आणि नवऱ्याला म्हणाल्या, “चाळीस वरसं तुमी मायं आयकलं नाई. आज मी तुमच्या पोटातलं आयकलं. आता गप निजा. डाक्टरसाहेब, करा तुमी.”

“बुढे, मी मेलो तं?”

“मेले तं मळा मी पाह्यतो. पर असं उलटं होऊन माह्यादेखत मरू नका.”

झालं, संमतीच्या कागदावर उकंडाजीचा अंगठा उठला.

दोन दिवसांनी सकाळी टेबल लागलं. कंबरेत सुई, बेंबीखाली चीर, पिशवी उघडली. साहेबांचं बोट आत गेलं आणि त्यांच्या भुवया टोपीत शिरल्या. गाठ बाहेरून लहान लागत होती, कारण ती आतल्या बाजूला वाढली होती, घंटेच्या लोलकासारखी लोंबत होती, आणि तिच्या मागच्या खोलगटात, सळईला चुकवून, आरामात बसले होते तीन खडे. साहेबांनी एकेक चिमट्यात धरून माझ्या ट्रेमध्ये टाकला. ठण्. ठण्. ठण्. केवढे? मागच्या वर्षापर्यंत मी सर्वांत मोठा लिंबाएवढा सांगायचो, त्याच्या आधी एकदा लग्नात संत्र्याएवढा सांगितला होता. आता छापून येणार म्हणून खरं सांगतो : सुपारीएवढा. चांगल्या सुपारीएवढा. पिवळट, गुळगुळीत. साहेबांनी नंतर समजावलं की असे काही खडे फोटोत सावलीच पाडत नाहीत. यंत्राला ते दिसत नाहीत, पण पोलादाला लागतात.

मग साहेबांनी बोटानं गाठ सोडवली. आमच्याकडचं संत्रं सोलताना साल न फाटता आतला गोळा कसा मोकळा होतो, अगदी तसं. सोलणारा मात्र डोळे मिटून सोलतो, कारण आत काहीच दिसत नाही. साहेबांसारखं बोट मी पुन्हा पाहिलं नाही. आणि मी बोटं खूप पाहिली.

खरी परीक्षा दुपारी झाली. गाठ काढली की आतून रक्त येतं, त्याच्या गुठळ्या नळीत बसतात. नळी बंद पडली की पिशवी फुगते, फुगली की आणखी रक्त. तीनच्या सुमाराला उकंडाजीची नळी थांबली. साहेब जवळच्या गावी अडलेल्या बाईकडे गेलेले. पोट दगड होत चाललं, ओठ पांढरे, सिस्टर पुन्हा पुन्हा रक्तदाब घेत होत्या. पार्बताबाई दारात. मी मोठी पिचकारी घेतली, उकळून निववलेलं मिठाचं पाणी आत सोडलं, ओढलं, सोडलं, ओढलं. हातानं नळी पिळली, बाजूला वळवली, पुन्हा पाणी. साडेचार वाजेपर्यंत किती पिचकाऱ्या झाल्या? लोकांना मी हजार सांगतो. मोजायला शुद्धीवर होतं कोण? शेवटी नळीत काहीतरी सरकल्यासारखं वाटलं, जांभळाएवढी गुठळी भांड्यात पडली आणि मागून धो धो पाणी, आधी लाल, मग गुलाबी. मी भिंतीला टेकून खाली बसलो. माझे दोन्ही अंगठे आठ दिवस वाकत नव्हते. साहेब परतले, भांड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले की आजपासून मोठ्यानं बोलत जा. पस्तीस वर्षांच्या नोकरीत मला मिळालेलं एवढंच प्रमाणपत्र. तेही तोंडी.

संध्याकाळी उकंडाजीनं डोळे उघडले. जीभ लाकडासारखी. उशाशी तांब्या होता, पण पार्बताबाई नळावर गेलेल्या आणि तांब्या रिकामा. मी माठातून वाटीभर पाणी घेतलं, चमचा भरला आणि थांबलो. त्याला ठरवू द्यावं म्हटलं. त्यानं माठाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पाखराच्या पिल्लासारखं तोंड उघडलं. “दे न. पाह्यतं काय.” पुढे तो चौदा दिवस दवाखान्यात होता, तेवढ्यात त्यानं आमचा माठ इतक्यांदा रिकामा केला की मला दिवसातून तीनदा भरावा लागे.

घरी गेला. महिन्यानं दाखवायला यायचं होतं. तारीख उलटून गेली, चार दिवस झाले, पाच झाले. जीप नाही, एसटी नाही. मी आत सळया उकळत होतो आणि कान मात्र रस्त्याकडे. शिरपूरचा माणूसही असाच बेपत्ता होता.

सहाव्या दिवशी सकाळी उकंडाजी एसटीतून उतरला. धोतर पांढरंशुभ्र, डोक्यावर वांग्याचं पोतं. शेलूबाजारहून कारंज्यापर्यंत एकदाही गाडी थांबवायला लावली नाही, असं त्यानं कंडक्टरच्या साक्षीनं अख्ख्या दवाखान्याला ऐकवलं. उशीर का झाला म्हणाल तर वांगी चांगली भरायची होती. साहेबांनी विचारलं, धार कशी आहे? त्यांना उत्तर न देता त्यानं माझं मनगट धरलं आणि मला मागे आवारात नेलं.

कडुनिंबापाशी थांबला नाही. पुढे टिनाच्या भिंतीसमोर गेला, जमिनीवर दोन पाय रोवून उभा राहिला आणि मान मागे वळवून म्हणाला, “लय कानवाला हायेस न तू? आयक आता.”

मी तोंड फिरवून उभा राहिलो. धार टिनावर पडली. ताशा वाजला, लोकहो. एकदाही न थांबता, असा वाजला की सिस्टर खिडकीत आल्या आणि साहेब हसत हसत परत आत गेले. मी पाठमोरा उभा, डोळे मिटून, शेवटच्या थेंबापर्यंत ऐकत होतो. त्यात कुठेही टिक् नव्हतं.